निळ्या दोऱ्याची कोकरं

२२ जानेवारी

चि. किंतूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की यंदाची कोकरं झाली. सगळी धडधाकट आहेत, शेडभर टुणटुण उड्या मारतात आणि मी खाली बसले की माझ्या स्वेटरची बटणं चघळतात. दोन बटणं पोटात गेली, दोन्ही सुखरूप परत मिळाली. हे झालं चांगलं वर्तमान.

आता खरं कारण. गेल्या वर्षी दूध तोडायच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंस. चारा-खुराक सुरू केला की हगवण लागते आणि कोकरू डोळ्यांदेखत वाळत जातं. एरवी थोडी जातात, गेल्या वर्षी थोडी राहिली. तुझ्या भावोजींनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, ते आता बोलून दाखवलं. हा शेवटचा हंगाम. मेंढ्या विकायच्या आणि मागची शेड फरशीवाल्याला माल ठेवायला भाड्याने द्यायची. तो माणूस टेप घेऊन मोजून गेलासुद्धा. मेंढ्या आत उभ्या असताना! टेपचं दुसरं टोक म्हातारीने, म्हणजे आपल्या थोरल्या मेंढीने, तोंडात धरून मागे चालत नेलं. त्यामुळे शेड आहे त्यापेक्षा बरीच मोठी भरली. तोच आकडा मी त्याला लिहून घेऊ दिला.

ह्यांच्याशी मी मग खूप भांडले, आणि शेवटी पैज लागली. तुझ्या डेअरीत चीज करून उरलेल्या निवळीपासून कोकरांच्या पोटासाठी स्वस्तात काहीतरी बनवता येतं असं तू मागे म्हणाला होतास. ते पाजायचं. दूध तोडल्यावर वजन करायचं. गुण दिसला तर मेंढ्या राहतील, नाही दिसला तर फरशी. वजन हेच करणार. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेल्या माणसाच्या हाती काटा द्यायला मी भीत नाही. हे माझ्याशी खोटं बोलतील, देवाशी बोलतील, पण काट्याशी नाही. आणि पंच म्हणून तू. तुझं नाव काढताच हे हसले. म्हणाले, किंतू निकाल देईपर्यंत कोकरांना नातवंडं होतील.

थट्टा राहू दे. या मेंढ्या गेल्या तर मी दिवसभर त्या फरश्यांकडे बघत बसू का? काय करायचं ते सविस्तर लिही. माझ्यावर लोभ आहेच, तो बाटलीत भरून लवकर पाठव.

तुझी,
ताई


३१ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पंचाचं काम मला झेपेल का, याचा दोन दिवस विचार केला. झेपणार नाही असंच वाटलं, पण नाही म्हणायचं कसं तेही सुचेना. तेव्हा हो.

कोकरू जन्मतं तेव्हा चारा पचवायचं पोट त्याच्याकडे असतं, पण ते नव्या कारखान्यासारखं. इमारत उभी आहे, कामगार आलेले नाहीत. कामगार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते हळूहळू वस्तीला येतात. आपण घाई करून कच्चा माल आधीच आत ओतला की घोटाळा होतो. (ही उपमा पूर्ण बरोबर नाही. दोनदा खोडली, तिसऱ्यांदा राहू दिली.) चीज बनवल्यावर आमच्याकडे जी निवळी उरते, ती गटारात जाते. तिच्यात दह्यातले जंतू, बेकरीतलं यीस्ट आणि उसाची थोडी मळी घालून ऊब दिली की चांगले कामगार तयार होतात. दुकानातली महाग पावडर साधारण याच कुळातली. तिच्या डब्यावर तगड्या मेंढ्याचं चित्र असतं, माझ्या बाटलीवर नसेल. निवळी नेण्यासाठी मी साहेबांकडे लेखी परवानगी मागितली. ते म्हणाले की गटाराला विचारा, त्याची हरकत नसेल तर माझी नाही.

आता अटी. सगळ्या कोकरांना पाजलंस आणि ती सुधारली, तर ती पेयाने सुधारली की यंदाच्या बऱ्या हवेने, हे कळणार कसं? म्हणून निम्म्यांनाच पाजायचं. चिठ्ठ्या टाकून वाटणी कर. ज्यांना पेय मिळेल त्यांच्या गळ्यात तांबडा दोरा, ज्यांना नाही त्यांच्या गळ्यात निळा. बाकी सगळं दोघांना सारखं. तांबडी ठळकपणे भारी भरली तर तू जिंकलीस. कोकरांना नावं ठेवू नकोस. नाव दिलं की माया जडते आणि माया आली की माप ढळतं. बाटलीचं झाकण सैल ठेव, आत वायू होतो. सोबत दोन बाटल्या आणि मापाचा चमचा आहे.

गुण येईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आला नाही, तर तसंच लिहीन. तेव्हा मी तुझा भाऊ आहे हे मला बाजूला ठेवावं लागेल. हे आधीच लिहिलेलं बरं. हिचा तुला नमस्कार, आणि भावाला फार मनावर घेऊ नका असा निरोप.

तुझ्या मायेत उणं पडू नये, एवढंच मागतो.

तुझा,
किंतू


१२ फेब्रुवारी

चि. किंतूस अ. आ.

तुझी पहिली बाटली गेली. अगदी वर गेली, छतापर्यंत. तू झाकण सैल ठेवायला सांगितलंस ते मी ऐकलं, पण तुझ्या भावोजींना कुठलीही गोष्ट सैल बघवत नाही. कपाटात ठेवलेली बाटली त्यांच्या नजरेला पडली आणि त्यांनी पाना लावून झाकण आवळलं. दुपारी असा बार झाला की शेजारीण दार उघडून विचारायला आली, सगळे जिवंत आहात ना. बाटलीशेजारी ह्यांचा एकुलता एक चांगला कोट होता. तीनदा धुतला, तरी ते बाहेर निघाले की दोन मांजरं मागे चालतात. दुसरी बाटली बाहेर सावलीत ठेवली आहे, झाकण नुसतं टेकवून.

चिठ्ठ्या टाकून दोरे बांधले. तुझ्या शब्दाबाहेर जाऊन नावं काही ठेवली नाहीत. नुसतं ओळखण्यापुरतं म्हणते. वकील, कारण ते कशालाही आधी विरोध करतं. मुकादम, कारण ते स्वतः न हलता दुसऱ्यांना ढकलतं. आणि एक घोरी, ती उभ्या उभ्या झोपते. ही तिन्ही नेमकी निळ्या दोऱ्यात निघाली.

पाजायची वेळ झाली की तांबडी कोपऱ्यात येतात आणि चुरूचुरू पितात. निळी जाळीपलीकडे रांगेने उभी राहून बघतात. ओरडत नाहीत रे. ओरडली असती तर बरं होतं, नुसती बघतात. आई म्हणायची ते आठवतं, की ताटं मांडल्यावर पंक्तिप्रपंच करू नये. वाढायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. तुमच्या शास्त्रात पंगत नसते का?

असो. तू सांगितलंस तसंच चाललंय, काळजी नको. फक्त बाटली लवकर संपते आहे. जरा सांडतं. या वेळी मोठी पाठव.

वहिनीला सांग, मनावर घ्यायचं तर मी तो तीन वर्षांचा असतानाच घेतलं असतं. आठवण काढतोस तशीच काढत जा.

ताई


२० फेब्रुवारी

रा. रा. पंचमहाशय किंतूराव यांस भावोजींचा नमस्कार.

तुमच्या विज्ञानाचा आवाज ऐकला, वासही घेतला. कोट अजून वाळत घातलेला आहे.

जुना प्लॅटफॉर्म काटा बाहेर काढून साफ केला. दांडी ज्यांच्या धारेवर तोलते त्या सुऱ्या तपासल्या, वंगण दिलं, प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. मुंगी चढली तरी कळेल असा झाला आहे. काट्याला बायको कळत नाही आणि मेव्हणाही कळत नाही, तेव्हा त्या बाजूने निर्धास्त असा.

मी शेडमध्ये पाऊल टाकत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. त्या प्राण्यांशी मला काही देणंघेणं नाही. तरी वजनाच्या माणसाला प्रमाणाची जिज्ञासा असते, म्हणून सहज विचारतो. हे पेय एखाद्या कोकराला ठरल्यापेक्षा जास्त गेलं तर अपाय होतो का? उपाशीपोटी द्यावं की खुराकावर? आणि ज्याला आधी सवय नाही अशा कोकराने तोंड फिरवलं, तर त्याला कसं पाजावं? बोटाला लावून चाटवलं तर चालतं का? चालत असावं, असा आपला अंदाज. हे सगळं केवळ कुतूहल म्हणून. तुमच्या ताईला मध्ये घालायची गरज नाही, परस्पर मला लिहा.

हिचं ठीक आहे. रोज सकाळी कोकरांना दिवसाचा कार्यक्रम समजावून सांगते. मला सांगत नाही.

जावयाचा मान असू द्यावा, पैज हरल्यावरही.

तुमचा,
भावोजी


१ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मोठा कॅन बसच्या पार्सलने पाठवला आहे. झाकणाला भोक पाडलं आहे, म्हणजे ते आवळायची सोयच उरणार नाही.

भावोजींनी मला परस्पर काही प्रश्न विचारले. पंचाने एका बाजूशी खाजगीत पत्रव्यवहार करणं मला योग्य वाटत नाही, म्हणून उत्तरं इथे देतो, त्यांना वाचून दाखव. जास्त गेलं तर सहसा अपाय नाही, उगाच वाया जातं एवढंच. खुराकावर दिलेलं बरं. बोटाला लावून चाटवायला हरकत नाही. त्यांना एवढा रस वाटतो हे पाहून मला बरं वाटलं. माणूस उघडपणे विरोधात असूनही समजून घ्यायची इच्छा ठेवतो, हे मला कधी जमलेलं नाही.

एका गोष्टीने मात्र झोप उडाली. बाटल्या माझ्या हिशेबाच्या दुपटीने संपत आहेत, आणि गेल्या आठवड्यापासून तर त्याहूनही वेगाने. इतकं सांडलं असतं तर शेडच्या जमिनीने बाळसं धरलं असतं. म्हणजे चूक माझ्या चमच्याची असणार. तसला दुसरा चमचा डेअरीत नेऊन पाण्याने भरला आणि तोलला. बरोबर भरला. मग तराजू चुकीचा असेल म्हणून दुसऱ्या तराजूवर तोलला. शिपाई आता मला पाहिलं की चमचे लपवतो. रोजनिशीत लिहिलं की माप देणारा माणूसच बेभरवशाचा असेल तर मापाचं काय घेऊन बसायचं. हिने ते वाचलं (ती वाचते हे मला माहीत आहे, हेही तिला माहीत आहे) आणि म्हणाली की चमच्यावर संशय घेण्याआधी एकदा माणसांवर घेऊन बघा. पण तुझ्यावर संशय घ्यायचं मला कारण नाही.

वकील, मुकादम आणि घोरी या नावांबद्दल मी काही म्हणत नाही. नाव ठेवलं तेही निळ्यांनाच, म्हणजे निदान पेयाच्या बाजूने पक्षपात नाही.

तब्येतीला जप. माझ्याविषयी मनात काही येऊ देऊ नकोस, पुढे काहीही झालं तरी.

किंतू


४ एप्रिल

चि. किंतूस अ. आ.

दूध तोडलं. चारा सुरू केला. रोज सकाळी शेडचं दार उघडलं की मी आधी कोकरं मोजायचे. किंतू, एकसुद्धा गेलं नाही रे. एकाला जरा पातळ झालं, तेही दुसऱ्या दिवशी गवतावर तुटून पडलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा.

पण काल वजन झालं. हे काटा घेऊन अंगणात बसले. चष्मा पुसला, कोकरू चढवलं, आकडा मोठ्याने वाचला, उतरवलं. कुठे हातचलाखी नाही, मी शेजारी उभी होते. वकील काट्यावर चढायला तयार नव्हतं, त्याला ह्यांनीच उचललं. आकडे सोबत जोडले आहेत. निळी भारी भरली. थोडीच, पण निळीच.

मला वाटलं हे आता मिशीवर ताव देतील. तसं काही झालं नाही. स्वतःच लिहिलेल्या आकड्यांकडे बघत राहिले, मग काटा पुन्हा तपासला, मग तिसऱ्यांदा. त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही. शेवटी म्हणाले की काटा म्हणतो ते खरं, आणि आत गेले. फरशीवाल्याला निरोप गेला आहे. मेंढ्यांचं गिऱ्हाईकही तोच आणणार आहे.

मला तुला काहीतरी सांगायचं आहे, पण आज लिहवत नाही. तू तुझा निकाल दे. पंच म्हणून जे द्यायचं तेच दे.

ताई


९ एप्रिल

ती. भावोजी आणि ती. सौ. ताई यांस सा. न. वि. वि.

निकाल दोघांना एकाच पत्रात देतो.

पेय पाजलेली कोकरं न पाजलेल्या कोकरांपेक्षा भारी भरली नाहीत, उलट किंचित हलकी भरली. आकडे मी उलटसुलट मांडून पाहिले. शेवटी डोळे मिटून मांडावेत असंही वाटलं, पण तसं केलं नाही. यंदा एकही कोकरू दगावलं नाही ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती दोन्ही दोऱ्यांच्या बाबतीत खरी आहे, म्हणून तिचं श्रेय पेयाला देता येत नाही. हवा बरी असेल, चारा बरा असेल. माझ्या बाटल्यांनी काही केलं असेल तर त्यांनी तांबड्या कोकरांचं थोडं नुकसानच केलं. त्याबद्दल त्या कोकरांची क्षमा मागायला हवी.

तेव्हा पैज भावोजी जिंकले.

ताई, मी हे पत्र चार वेळा लिहिलं. एका मसुद्यात निकाल पुढे ढकलला होता, तो सर्वात सुवाच्य अक्षरात उतरला होता. पण तू मला पंच केलंस ते मी खोटं बोलणार नाही म्हणूनच ना? मग मी दुसरं काय करू? ही म्हणाली, सख्ख्या बहिणीच्या मेंढ्या घालवायला एवढं शिक्षण कशाला लागतं, अडाणी भाऊही हे करू शकला असता. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते. मीठ हवं का, एवढंच.

राग धरू नकोस म्हणायचा मला हक्क नाही. धरलास तरी पत्र पाठवत जा.

किंतू


१० एप्रिल

चि. किंतूस अ. आ.

तुझं पत्र अजून यायचं आहे. त्याच्या आधी हे पोचावं म्हणून घाईने लिहिते.

निळ्यांना मीही पाजलं. पहिल्या आठवड्यापासून. आधी फक्त घोरीला, कारण ती झोपेत होती आणि झोपेतल्याला दिलेलं मोजत नाहीत असं मी मनाला समजावलं. मग मुकादमाने तिचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग सगळ्यांनाच. अगदी तांबड्यांना द्यायचे तेवढंच, थेंबभर इकडेतिकडे नाही. तुझा चमचा चुकला नव्हता, मीच तुला फसवलं. तू चमचे तोलत बसलास हे वाचून मी हसले, मग फार वाईट वाटलं.

तुझं सगळं गणित मी बिघडवलं, आणि माझ्याच मेंढ्यांच्या जिवावर. फरक दिसला तर मी जिंकणार होते, आणि फरक दिसू नये म्हणून मीच रोज राबत होते. याला काय म्हणावं? हे आता सांगितलं तर पैज मोडते का? की हरल्यावर रडगाणं गाते असं दिसेल? ह्यांना अजून बोलले नाही. गिऱ्हाईक सव्वीस तारखेला येणार आहे.

लवकर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

ताई


१५ एप्रिल

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आणि माझा निकाल वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. ताईने निळ्या कोकरांनाही पाजलं. तेव्हा माझा निकाल मी मागे घेतो. ज्या तुलनेत दोन्हीकडे पेय आहे तिच्यातून पेयाविषयी काहीही निघत नाही. या पत्राची प्रत ताईलाही धाडली आहे, म्हणजे लपवाछपवी नको.

पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. ताई म्हणते तिने दोघांना सारखं दिलं, आणि वाढण्याच्या बाबतीत ताईचा हात काट्याइतकाच सरळ आहे, हे आपण दोघंही जाणतो. मग वजन सारखं भरायला हवं होतं. निळी वरचढ कशी? आणि सगळ्यांना दिल्यावरही बाटल्यांतलं पेय जेवढं संपायला हवं त्याहून जास्त संपलं आहे. तिथे तिसरा हात होता. मी कोण कोण असू शकेल याचा विचार केला. फरशीवाला एकदाच आला. म्हाताऱ्या मेंढीला झाकण उघडता आलं असतं, पण परत टेकवून ठेवता आलं नसतं. उरता तुम्ही.

हे लिहिताना मला फार संकोच वाटतो. तुम्ही मला परस्पर विचारलेले प्रश्न मी पुन्हा वाचले. बोटाला लावून चाटवणं, हे सुचायला कुतूहल पुरत नाही. माझा संशय चुकीचा असेल तर मी येऊन तुमची माफी मागेन. बरोबर असेल तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

आपली कृपा पूर्वीइतकी राहील अशी आशा करतो, खात्री नाही.

किंतू


१९ एप्रिल

रा. रा. पंचमहाशयांस भावोजींचा नमस्कार.

पकडलंत. एवढी अक्कल होती तर चमचे कशाला तोलत बसलात?

हो, निळ्यांना मीही पाजत होतो. ही दुपारी लवंडली की शेडमध्ये जायचो. माझा हिशेब सरळ होता. काट्यात खोट करणं मला मरेपर्यंत जमणार नाही. काट्यापाशी हात नेला आणि परत घेतला, हेही सांगून टाकतो. मग काटा सोडून कोकरांकडे वळलो. निळ्यांनाही पेय मिळालं की ती तांबड्यांच्या बरोबरीला येतील, फरक शून्य, पैज माझी. हीसुद्धा त्यांना पाजते आहे हे मला स्वप्नातही वाटलं नाही! आम्ही दोघं एकाच घरात एकाच कॅनमधून एकमेकांची नजर चुकवून चोऱ्या करत होतो. लबाडांच्या घरात निळी कोकरं दोनदा जेवली.

का केलं, तेही लिहितो. दर वर्षी एखादं कोकरू गेलं की ही जेवायला बसते, घास हातात घेते आणि ठेवून देते. मग म्हणते पोट भरलं. तुम्ही ते एकदा पाहिलं आहे, मी इतकी वर्षं बघतो आहे. मला दुरुस्ती येते ती लोखंडाची. वाटलं, मेंढ्याच नसल्या तर तो घासही खाली ठेवावा लागणार नाही. फरशी काही मरत नाही.

वकील फार त्रास देतं. इतर बोट चाटून मोकळी होतात. ते बोट सोडत नाही.

ही पानं पाकिटात घालण्याआधी हिच्या हाती देणार आहे. पुढचं तुमच्या कानावर येईलच. तोवर आमचं बरं चिंतावं.

भावोजी


२७ एप्रिल

चि. किंतूस अ. आ.

ह्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः न्हाणीघरात जाऊन कडी लावली. मी वाचलं आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसले. मग एकच गोष्ट विचारली, की पेयाने काही होत नाही असं तुमचं म्हणणं होतं, तर निळी त्याने बरोबरीला येतील असं वाटलं कसं? आत नळ चालू होता, तो बंद झाला. तासाभराने बाहेर आले आणि म्हणाले की जेवायला काय आहे.

काल गिऱ्हाईक ट्रक घेऊन आलं, सोबत फरशीवाला. त्या माणसाने सगळी कोकरं चाचपली आणि म्हणाला की निळ्या दोऱ्याची आधी चढवा, ती भरीव आहेत. हे पुढे झाले. म्हणाले, तुमचा काटा दाखवा. काटा पाहून म्हणाले, सुरी झिजली आहे, या काट्यावर व्यवहार होणार नाही. तो बिचारा आपलाच काटा वापरू म्हणाला. तेव्हा ह्यांना ट्रकची फळी उंच वाटली. फळी खाली केली, तर ऊन फार झालं. उन्हावर ताडपत्री आली, तेव्हा म्हणाले की निळी विकायची नाहीत. मग तांबडी द्या, असं गिऱ्हाईक म्हणालं. त्यावर हे म्हणाले की तांबडी आणि निळी एकत्र वाढली आहेत, वेगळी केली तर हाय खातील. हाय खातील! हा माणूस गेल्या वर्षी म्हणत होता की मेंढी म्हणजे चालतं-फिरतं गवत. आणि एवढं बोलेपर्यंत वकिलाने येऊन ह्यांचा अंगठा तोंडात धरला होता, तो सोडवून न घेताच सगळी बोलणी चालली होती. गिऱ्हाइकाने अंगठ्याकडे पाहिलं, फरशीवाल्याकडे पाहिलं, आणि ट्रक वळवला. फरशीवाल्याला ह्यांनी शेजारणीची रिकामी खोली दाखवून दिली.

मी ह्यांना म्हटलं, म्हणजे तुम्ही हरलात. तर म्हणाले, मुळीच नाही, पंचाचा लेखी निकाल आहे. पैज मी जिंकलो, आणि जिंकणाऱ्यानेच मेंढ्यांचं काय करायचं ते ठरवायचं असतं.

तेव्हा किंतू, तू निकाल मागे घेतलास ते पत्र मी बाजूला ठेवलं आहे. पहिलाच निकाल राहू दे. तो चुकीचा आहे हे मला कळतं, तुला तर झोप लागणार नाही हेही कळतं. तरी बदलू नकोस. जिंकलेला माणूस सकाळपासून शेडमध्ये आहे, आणि मी दोनदा हाक मारली तरी जेवायला आलेला नाही.

ताई